तिरपागड्याचं शेपूट

भाऊ, लोणावळ्याहून आत्ताच परत आले. पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि लॅबमधल्या टेबलाशी येऊन बसले. उद्या एका डॉक्टरांना दोन कवळ्या द्यायच्या आहेत आणि त्यांचे दात अजून मेणात बसवायचे आहेत, पण आज त्या कामाला हात लागणार नाही. तुमच्याशी बोलायचं राहिलंय. खरं म्हणजे भांडायचं राहिलंय.

तुमचा जन्म कधीचा, रेल्वेत कधी लागलात, घर कधी बांधलंत, हे सगळं तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगून झालं. बुद्धवंदना झाली, मग आंबीहून आलेली भावकी बोलली, रेल्वेतले जुने सोबती बोलले. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारं इंजिन तुम्ही चालवायचात, ते किती शांतपणे चालवायचात, हे तिघाचौघांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, विमानाच्या नाकाडाचा तुकडा चिमट्यातून उडून कपाटाखाली गेला की भाऊंची शांतता कशी असते, ते यातल्या कोणी ऐकलेलं नाही. तुमच्या विमानांबद्दल एकच जण बोलला. भाऊंना खेळण्यातली विमानं करायचा नाद होता, म्हणाला. खेळण्यातली! तुम्ही असतात तर हसून मान डोलावली असतीत. मला मात्र त्या माणसाला आतल्या खोलीत नेऊन तुमच्या काचेच्या कपाटासमोर उभं करावंसं वाटलं.

आपली ओळख दातांमुळे झाली, हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. तुमची कवळी आमच्या लॅबमध्ये झालेली, हे तुम्हाला दवाखान्यात कळलं होतं. एक दिवस तुम्ही तळेगावला उतरून थेट लॅबमध्ये आलात. कवळी टोचते म्हणून तक्रार घेऊन आला असाल असं धरून मी आधीच तोंड वाकडं केलं होतं. तुम्ही खिशातून प्लास्टिकची पिशवी काढलीत आणि टेबलावर ओतलीत. पिवळट पांढरे तुकडे, काही दाढेएवढे, काही बोटाएवढे. तुमच्या प्रज्ञाने परदेशातून बापाच्या वाढदिवसाला विमान पाठवलं होतं, आणि डब्यातून हे निघालं होतं.

"ताई, ह्ये दाताचंच मटेरियल दिसतंय, म्हनून तुमच्याकडं आनलं. मोडून आलंय का असंच असतंय, तेवढं सांगा."

मी एक तुकडा नखाने घासून पाहिला, वास घेतला. रेझिन. आमच्या कामातल्या मालाचं चुलत भावंडच. कुठल्या तरी दूरच्या गावात एखाद्या माणसाने घरच्या गॅरेजमध्ये सिलिकॉनचा साचा करून, त्यात हे ओतून, थोड्याशाच प्रती काढलेल्या होत्या. बुडबुड्यांची भोकं होती, ओतताना राहिलेले दांडे होते, एक पंख भर उन्हात ठेवल्यासारखा वाकलेला होता. मला तो माणूस लगेच ओळखीचा वाटला, कारण मीही तेच करते. मोडलेलं नाही, असंच असतं, हे मी सांगितल्यावर तुम्ही खुर्ची ओढून बसलात ते संध्याकाळपर्यंत उठला नाहीत. तुकडे आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्याचं तेल लागलेलं असतं. घासायचं ते ओलं ठेवून घासायचं, नाहीतर धूळ छातीत जाते. वाकलेला पंख गरम पाण्यात धरून सरळ करायचा. तुम्ही मान हलवत ऐकलंत, घरी गेलात आणि पंख वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात उकळलात.

त्या दिवशी मंदावहिनींनी मला पहिला फोन केला. ओळख नाही, पाळख नाही, आणि सरळ विचारलं की तुम्हीच ना त्या दातवाल्या, ज्यांनी यांना दुधाच्या भांड्यात काहीबाही शिजवायला सांगितलं? मी म्हटलं, पातेलं कुठलं ते मी सांगितलं नव्हतं. त्या हसल्या आणि रविवारी जेवायला या म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या घराजवळच्या घोरावाडी स्टेशनात गाडी पकडून तुमच्या लोणावळ्यातल्या भांगरवाडीच्या घरी यायची मला सवयच लागली. त्या जेवणाबद्दल आणि त्या रविवारांबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. आता म्हणते.

तुम्ही कशाला ही असली चमत्कारिक विमानं निवडायचात, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. पहिलं प्रज्ञाने चुकून पाठवलं म्हणावं, तर पुढची तुम्ही मागून घेतलीत. पोट सुटलेलं मालवाहू विमान आलं, त्याचं नाव तुम्ही ठेवलंत गाभण. गोल पंखांचं आलं, ती भाकरी. शेपटीवर उभं राहून थेट वर उडायचा बेत असलेलं आलं, ते उकिडवं. खरी नावं डब्यावर असायची, ती आपण कधी उच्चारली नाहीत. एकदा मी म्हटलं की भाऊ, चांगली नावाजलेली लढाऊ विमानं करा की, रेझिनमध्ये नाही तर साध्या प्लास्टिकमध्ये मिळतात, जोडायलाही सोपी. तुम्ही म्हणालात, जे धड चाललं ते सगळ्यांनी बघितलंय. आणि मग तुमचा तो ठरलेला प्रश्न. प्रत्येक नव्या डब्याच्या वेळी तुम्ही तो विचारायचात, चष्मा कपाळावर सरकवून.

"ह्ये कुनीतरी कागदावर काढलं असंल. मंग साहेबापुढं ठिवलं असंल. साहेबाला पटवलं कसं असंल, ताई?"

मग तुम्ही स्वतःच दोघांचं बोलणं करून दाखवायचात. साहेब म्हणायचा, अरे याला शेपूट कुठाय? तो बिचारा म्हणायचा, साहेब, एकडाव उडू तर द्या. तुमच्या त्या साहेबाचा आवाज लोणावळ्याच्या कुठल्या तरी जुन्या फोरमनचा होता म्हणे, वहिनी तो ओळखून हसायच्या. मला वाटतं, तुम्हाला त्या कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाची काळजी वाटायची.

आपल्या कामाचं वेळापत्रक लोणावळ्याच्या हवेने ठरवलं होतं. पावसाळ्यात रंगाला हात लावायचा नाही, कारण रंग वाळत नाही आणि वाळलाच तर दुधाळ होतो. गोंदही त्या दमटपणात पांढरी बुरशी धरल्यासारखा फुलतो. म्हणून जून ते दसरा फक्त घासायचं, आणि दिवाळीचा फराळ संपला की रंगाच्या बाटल्या उघडायच्या. हा नियम तुम्ही इतका कडक पाळायचात की प्रज्ञाने एकदा जुलैत फोन करून विमान झालं का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, आता घासनीचे दिवस हायेत. शेतकऱ्याने पेरणीबद्दल सांगावं तसं. रंगवलेले बारीक तुकडे दमट होऊ नयेत म्हणून तुम्ही ते तांदळाच्या डब्यात ठेवायचात, आणि त्यातलं उकिडव्याचं एक चाक खिचडीत शिजून तुमच्याच ताटात आलं. तुम्ही ते दाताखालून काढून धुतलंत आणि जागेवर लावलंत. कवळी तुटली असती तर ताईंचं गिऱ्हाईक वाढलं असतं, एवढंच म्हणालात.

माझं सांगायचं तर, इतकी वर्षं मी जे करत आले ते लोकांच्या तोंडात जातं. चांगलं झालं तर कोणाला दिसत नाही आणि वाईट झालं तर डॉक्टरांचा फोन येतो. केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही. त्यामुळे माझा स्वभाव असा झालाय, हे तुम्ही जाणून होतात. जे जसं आहे ते तसंच हवं. तुमच्या टेबलाशी मला पहिल्यांदा कळलं की हातातलं काम झाल्यावर ते समोर ठेवून दोघांनी चहा पीत बघायचं पण असतं.

आणि मग तिरपागडं आलं.

ते डब्यातून निघालं तेव्हा तुम्ही सुद्धा रिकामा डबा उलटा करून पुन्हा झटकलात. इंजिन आणि लांबोडकं धड डावीकडे, माणसांनी बसायची काचेची खोली उजवीकडे पंखावर वेगळीच, आणि शेपटीचा आडवा पंख फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे काहीच नाही. मागे बसलेल्या माणसाला मोकळं दिसावं म्हणून तसं केलेलं. हे खरोखर उडालं होतं, आणि चांगलं उडालं होतं, हे मी वाचून सांगितलं तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. त्या दिवशी तुमच्या नाटकात पहिल्यांदा साहेब हरला.

त्याच्यावर आपण पावसाळा, हिवाळा आणि वर पुन्हा एक पावसाळा घालवला. रेझिन भरीव, म्हणून जड. पंख सांध्यात सारखा निखळायचा. शेवटी आम्ही कवळीच्या आकड्यांना वापरतो ती पोलादी तार मी आणली, तुम्ही दोन्हीकडे भोकं पाडलीत, आणि तार आत घालून पंख बसवला. तो मग हलला नाही. दिवाळीनंतर तुम्ही करडा-हिरवा रंग दिलात आणि तिरपागडं कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसलं, कारण आत मावत नव्हतं.

पुढचं तुम्ही मला लॅबमध्ये येऊन सांगितलंत. बुद्धपौर्णिमेच्या आधीची साफसफाई चालली होती आणि तुम्ही शेताच्या कामाने दोन दिवस आंबीला होतात. वहिनींनी कपाटाच्या माथ्यावरची धूळ झटकली, आणि त्यांचं लक्ष शेपटीकडे गेलं. एका बाजूला आहे, एका बाजूला नाही. त्यांना वाटलं, आपल्या फडक्याने मोडलं. त्यांनी केर चाळला, कपाटाखाली झाडू घातला, गॅलरीतल्या कुंड्यांत शोधलं. नसलेला तुकडा सापडणार कसा? शेवटी त्यांनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घेतलं, डावीकडच्या तुकड्यावर कागद धरून माप काढलं, कात्रीने कापलं, नखं घासायच्या कानशीने गोल केलं, तुमच्याच गोंदाने चिकटवलं आणि उरलेल्या रंगाने रंगवलं. तुम्ही आंबीहून परतलात तेव्हा त्यांच्या अंगठ्यावर आणि बोटावर गोंदाचे पांढरे पापुद्रे होते. तुम्ही बोटं बघितलीत, मग विमान बघितलंत, आणि चहा मागितलात.

मी खूप हसले. तुम्हीही हसलात, पण तुमचं हसू लवकर संपलं. मी म्हटलं, मग सांगितलंत ना त्यांना? तुम्ही म्हणालात, नाही. मग काढलंत? नाही. का? तर तुम्ही म्हणालात की तिने एवढ्या जपून केलंय, आता काढलं तर तिला कळेल की सगळं फुकट गेलं.

तिथून आपला वाद सुरू झाला, तो अजून चालू आहे. मी म्हणायचे, हे विमान जगात ओळखलं जातं तेच अर्ध्या शेपटीमुळे. मागे बसलेल्या त्या माणसाला आता वहिनींच्या शेपटाशिवाय काही दिसणार नाही. तुम्ही म्हणायचात, "दिसंना का मंग. वाईट हाय व्हय ते बगायला?" पुण्याला हौशी लोकांचं प्रदर्शन असायचं. आपण भाकरी नेली, गाभण नेली, लोकांनी वाकून वाकून पाहिली. तिरपागडं न्यायचं तुमच्या फार मनात होतं. मी म्हणाले, ते शेपूट घेऊन मी येणार नाही, तिथे लहान पोरंसुद्धा चूक दाखवतील. तर तुम्ही म्हणालात की मग राहिलं, घरीच बरं आहे. दर वर्षी हेच. मध्ये चहा यायचा, वहिनी ट्रे घेऊन उभ्या, आणि आपण दोघं एकदम पावसाबद्दल बोलायला लागायचो.

मला एका गोष्टीची खात्री होती. श्रीखंडाच्या डब्याच्या प्लास्टिकला हा गोंद धरत नाही. रंगही धरत नाही, पापुद्रा होऊन सुटतो. हे माझं क्षेत्र. म्हणून मी फार जोर केला नाही. महिन्या दोन महिन्यांत ते आपोआप गळून पडेल आणि वाद मिटेल, असं मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही बघू म्हणालात. ते पडलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी दारातून आत आले की आधी कपाटाच्या माथ्यावर नजर टाकायचे. शेपूट आपलं जागेवर, रंगही ठीकठाक. जवळ जाऊन मी कधी पाहिलं नाही. हट्टानेच पाहिलं नाही म्हणा. वहिनींच्या हाताला यश आहे, एवढं मनाशी म्हणून सोडून दिलं.

मधेच कधीतरी तुम्ही लॅबमध्ये येऊन तार मागितली होतीत. बारीकात बारीक असेल ती. तेव्हा तुमच्या हातात कुठलंच नवं विमान नव्हतं, म्हणून मी विचारलं कशाला. "हाय एक काम," म्हणालात. मी एक तुकडा तोडून दिला आणि विसरून गेले.

शेवटचा फोनही त्याच विषयावर होता. प्रदर्शनाची तारीख आली होती, मी तुम्हाला पुन्हा डिवचलं. तुम्ही नेहमीसारखे उसळला नाहीत. थकल्यासारखा आवाज होता, ते मला आता जाणवतं. म्हणालात, "ताई, तिरपागडं तुमीच न्या. मंग काय करायचं ते तुमी बगा." मी म्हटलं, रविवारी येते, बसून ठरवू. तो रविवार यायच्या आधी प्रज्ञाचा फोन आला.

आज वहिनींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. प्रज्ञा परत जायच्या तयारीत होती, बँकेत गेली होती. घरात आम्ही दोघीच. वहिनींनी तिरपागडं जुन्या सुती साडीत गुंडाळून तयार ठेवलं होतं. यांनी सांगितलं होतं ताईंना द्या म्हणून, म्हणाल्या. मी हात पुढे केला तर त्यांनी सोडलं नाही.

"ह्याची येक बाजू जपून धरा. ती मी बसवलेली हाय. फडका मारताना माज्या हातून मोडलं व्हतं. ह्यांना कवाच सांगितलं न्हाई. लय वाईट वाटतं आता."

भाऊ, त्या क्षणी मला तुमचा राग आला. खरोखरीचा. इतक्या वर्षांच्या वादात ही गोष्ट ना तुमच्या डोक्यात आली, ना माझ्या. मी विमानाच्या बाजूने भांडत होते आणि तुम्ही वहिनींच्या बाजूने भांडतोय असं समजत होतात. आणि ही बाई इतकी वर्षं, कपाटावरची धूळ झटकताना दर वेळी, आपण नवऱ्याची मेहनत मोडली म्हणून मनात झुरत होती. तिने काहीही मोडलेलं नव्हतं. एका वाक्यात तिची सुटका झाली असती, आणि ते वाक्य तुम्ही गिळून बसलात, तिचं मन राखायला म्हणून.

मी सांगितलं. तुम्ही माझ्यावर सोपवलं होतंत, मी माझ्या पद्धतीने केलं. वहिनी, हे मोडलंच नव्हतं, याला मुळातच अर्धं शेपूट असतं, म्हटलं. त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. चेहऱ्यावरचा ताण सुटला, आणि मला वाटलं झालं, मोकळ्या झाल्या. पण त्या पुढे गेल्या. वहिनींचं डोकं नेहमीच आपल्या पुढे असतं.

"म्हंजी ह्यांना त्याच दिवशी कळलं असंल."

मी हो म्हटलं.

"आन तुमालाबी म्हाईत व्हतं."

त्यालाही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वहिनी खाली बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, हसत असाल दोघं. चिडून म्हणाल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या लाजल्या होत्या, भाऊ. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून. मी पहिल्या दिवशी हसले होते, मग आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू? आणि तुमच्याबद्दल तर मी काय सांगणार होते? तुमच्या मनातलं तुम्ही मलाही पुरतं कधी सांगितलं नव्हतंत. त्यांनी साडी उलगडली आणि विमान माझ्या मांडीवर ठेवलं.

"काढून टाका त्ये. खोटं कशापायी ठिवायचं? तुमाला जमंल."

इतकी वर्षं मी हेच मागत होते. माझ्या पर्समध्ये कामाचं पातं असतंच. पण ते हातात घेतल्यावर मला मुळीच बरं वाटेना. तुम्ही गेल्यावर पंधरवडाही झाला नाही आणि मी तुमच्या घरात बसून तुमच्या बायकोने केलेली वस्तू तोडायला निघाले होते, तेही तिच्याच सांगण्यावरून. तरी पातं सांध्याला लावलं. धरणारच नाही असा तो गोंद, नुसता धक्का दिला तरी निघेल असं मला वाटलं होतं. निघेना. जरा दाबलं. पातं आत कशाला तरी लागून कट्ट वाजलं.

तो आवाज माझ्या बोटांना ओळखता येतो. पोलाद होतं. मी विमान खिडकीशी नेलं, उजेडात तिरपं धरलं आणि सांध्यावरचा रंग थोडा खरवडला. श्रीखंडाच्या त्या प्लास्टिकमध्ये तापवून रुतवलेली, पार विमानाच्या धडात गेलेली तार दिसली. माझीच तार. बारीकात बारीक. आणि जिथे खरवडलं होतं तिथे रंगाचे थर दिसत होते, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. करडा-हिरवा, त्याच्यावर पुन्हा करडा-हिरवा. रंग सुटायचा आणि दर दिवाळीनंतर, बाटल्या उघडल्या की, तुम्ही पुन्हा द्यायचात. डाव्या बाजूचं तुमचं शेपूट तुम्ही एकदाच रंगवलं होतंत.

निघत न्हाई का, वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, नाही वहिनी. भाऊंनी आतून तार घातलीय. तुमचा गोंद केव्हाच सुटला असता. त्यांनी ते पक्कं करून ठेवलं, आणि दर वर्षी रंगवत आले.

त्या उठून खिडकीशी आल्या. मी त्यांना तार दाखवली. त्यांनी बोट लावून पाहिलं, मग चष्मा आणून पुन्हा पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाल्या की मला आपलं वाटायचं, माझं काम लय पक्कं झालंय. आणि त्या हसल्या. मोठ्याने, पदर तोंडाला लावून. तुम्ही गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

तर भाऊ, शेपूट राहू देण्यात तुम्ही बरोबर होतात, हे मी मान्य करते. न सांगण्यात चुकलात, हे तुम्ही मान्य करा. तार घालून ठेवण्याइतकी माया होती तर तोंडाने दोन शब्द बोलायला काय झालं होतं? ते तुमचं राहिलेलं काम मला करावं लागलं, आणि आधी त्या माउलीला रडवून करावं लागलं. हे मी तुम्हाला समोर बसवून ऐकवलं असतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघू म्हणाला असतात, आणि चहा आला असता.

मी विमान साडीत गुंडाळायला घेतलं तर वहिनींनी ते माझ्याकडून काढून घेतलं. हे नाही देणार, म्हणाल्या, तुम्ही दुसरं कुठलंही न्या. म्हणून मी गाभण घेऊन आले आहे. ती इथे टेबलावर, उद्याच्या कवळ्यांच्या शेजारी ठेवली आहे. प्रदर्शनाला या वर्षी तीच जाईल.

निघताना वहिनींनी मला कपाटापाशी थांबवलं. तिरपागडं पुन्हा माथ्यावर बसलं होतं. त्यांनी विचारलं, ताई, त्याचं मूळचं शेपूट कुठल्या अंगाचं? मी डावी बाजू दाखवली. त्यांनी डाव्या तुकड्यावर बोट ठेवलं, मग उजव्या.

"म्हंजी ह्ये ह्यांचं. आन ह्ये माजं."

मी हो म्हटलं.